कोर्टाने सोडलं, बोर्डाने का नाही?

प्रश्न असा आला आहे: 'श्रीशांत, अंकित चव्हाण यांना २०१३ मध्ये आयपीएलमध्ये पैसे घेऊन षटकं ठरवून टाकल्याच्या आरोपावरून पकडलं, २०१५ मध्ये कोर्टाने सोडलं. मग क्रिकेट बोर्डाने बंदी का उठवली नाही? बोर्ड कोर्टापेक्षा मोठं आहे का? आणि इंग्लंडमध्ये पाकिस्तानचे तिघे सरळ तुरुंगात गेले, आपल्याकडे कुणीच कसा जात नाही?'

मी फौजदारी वकील आहे. सव्वीस वर्षं झाली. त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं खेळाडूंच्या शिस्तभंगाच्या सुनावण्याही करतो. बहुतेक अशी पोरं, ज्यांची नावं तुम्ही कधी ऐकणार नाही. त्यामुळे हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही विचारतात, आणि दर वेळी मी आधी 'सोडलं' या शब्दापाशी अडतो.

मराठीत आपण चार वेगळ्या गोष्टींना 'सुटला' म्हणतो. जामीन झाला, सुटला. आरोपपत्र आलं, पण आरोप ठेवण्याइतकंही त्यात काही नाही म्हणून न्यायाधीशांनी खटला उभा राहायच्या आधीच मोकळं केलं, तोही सुटला. याला आम्ही डिस्चार्ज म्हणतो. साक्षीपुरावे झाले आणि निर्दोष ठरला, सुटला. शिक्षा भोगून बाहेर आला तरी सुटलाच. २५ जुलै २०१५ ला दिल्लीच्या पतियाळा हाउस कोर्टात जे झालं ते यातलं दुसरं होतं. श्रीशांत, चव्हाण आणि अजित चंडेलासह ३६ जणांना डिस्चार्ज मिळाला. साक्षीदार पिंजऱ्यात आलेच नाहीत, उलटतपासणी झाली नाही. षटक ठरवून टाकलं होतं की नाही, याचा निकाल त्या दिवशी लागलाच नाही. पुढे दिल्ली पोलीस या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात गेले, तो भाग वेगळा.

पोलिसांचं म्हणणं काय होतं ते आठवून बघा. ९ मे २०१३, मोहाली, राजस्थान रॉयल्स विरुद्ध किंग्ज इलेव्हन पंजाब. श्रीशांतने आपल्या दुसऱ्या षटकात १४ किंवा जास्त धावा द्यायच्या आणि त्याआधी खूण म्हणून कमरेला छोटा टॉवेल खोचायचा. टॉवेल खोचलेला चित्रणात दिसतो. धावा गेल्या १३. बचावाच्या वकिलाला ही एक धाव म्हणजे आयतं ताट! मग १५ मे, वानखेडे, समोर मुंबई इंडियन्स. चव्हाणने एका षटकात १५ धावा दिल्या, त्याही ठरवून, असा दावा. त्याच रात्री मुंबईतून तिघांची अटक.

खूण कशाला लागते? तर सट्टा आता सामना कोण जिंकणार यावर फारसा उरलेलाच नाही. 'सेशन'वर चालतो, म्हणजे अमुक षटकांत किती धावा होतील यावर. आमच्याकडे सट्ट्याच्या केसेस येतात तेव्हा पंचनाम्यात तेच सामान असतं: एखाद-दुसरा लॅपटॉप, एकमेकांना जोडलेले डझनभर मोबाईल, आणि एक वही, ज्यात माणसांची नावं नसतात, फक्त गावांची असतात. या लोकांना षटक सुरू होण्याआधी पैसे लावायला वेळ हवा असतो. म्हणून टॉवेल, म्हणून चेंडू टाकण्याआधी थोडे अंग मोकळे करण्याचे व्यायाम. चंडेलाच्या बाबतीत पोलिसांचंच म्हणणं होतं की तो ठरलेली खूण द्यायला विसरला, म्हणून बुकीशी वाद झाला.

एवढं सगळं असताना खटला का टिकला नाही? कारण दिल्ली पोलिसांनी मोक्का लावला. हा आपला, १९९९ चा महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा. दिल्लीलाही तो लागू केला आहे. पोलिसांना तो आवडतो, कारण पोलीस अधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब त्यात पुरावा म्हणून चालतो आणि जामीन मिळणं महाकठीण. पण मोक्का जेवढा कडक तेवढाच नखरेल. संघटित टोळी दाखवावी लागते, तिच्यावर मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रं लागतात, आणि समोरचा आरोपी त्या टोळीसाठी काम करत होता हा दुवा जोडावा लागतो. दाऊद आणि छोटा शकील यांची नावं आरोपपत्रात होती. त्यांच्यापासून टॉवेलपर्यंत येणारी साखळी न्यायालयाला दिसली नाही. मोक्का गळून पडला, आणि खाली उरलं ते साधं फसवणुकीचं कलम.

इथे खरी गोम आहे. लोक म्हणतात, 'मोक्का राहू दे, चारसो बीस तर लागेल?' जुनं कलम ४२०. नव्या भारतीय न्याय संहितेत ३१८(४). या कलमाला दोन गोष्टी लागतात. कुणीतरी कुणाला तरी फसवलं पाहिजे, आणि त्या फसवणुकीला भुलून त्या माणसाने मालमत्ता हवाली केली पाहिजे. आता तुम्ही वानखेडेचं तिकीट काढलंत. पैसे कोणाला दिले? आयोजकांना. गोलंदाजाने तुम्हाला काही सांगितलं होतं का? नाही. सामना बघायला मिळाला का? मिळाला. मग त्या गोलंदाजाने तुमच्याकडून कोणती मालमत्ता लबाडीने काढून घेतली? ज्याचे पैसे खरोखर बुडाले तो समोरच्या बाजूने सट्टा लावणारा, आणि त्याचा धंदाच बेकायदा. तो फिर्याद द्यायला पोलीस ठाण्यात यायचा नाही. कर्नाटक प्रीमियर लीगमधल्या सामने ठरवल्याच्या प्रकरणात १० जानेवारी २०२२ ला कर्नाटक उच्च न्यायालयाने साधारण हेच सांगून आरोपपत्र रद्द केलं. खेळाच्या चाहत्यांना फसवल्याची भावना होईल, पण भावनेतून ४२० उभं राहत नाही. हे गैरवर्तन आहे, त्यावर कारवाई बोर्डाने करावी, असा त्या निकालाचा रोख होता.

निकाल वाचून मला रागही आला आणि तो कायद्याने बरोबर आहे हेही कळलं. चूक न्यायालयाची नाही. आपल्याकडे सामना ठरवून खेळणं हा स्वतंत्र गुन्हाच नाही. २०१३ च्या गदारोळानंतर केंद्राने एका विधेयकाचा मसुदा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीने जानेवारी २०१६ मध्ये हा गुन्हा करा म्हणून शिफारस केली. विधी आयोगाने २०१८ च्या २७६ व्या अहवालात पुन्हा तेच लिहिलं. मग २०२३ मध्ये अख्खी दंडसंहिता नव्याने लिहिली, तिच्या कलम ११२ मध्ये बेकायदा सट्टा आणि जुगार आला, पण मैदानावर मुद्दाम वाईट खेळणारा माणूस आला नाही. श्रीलंकेने २०१९ मध्ये खास कायदा केला. आपल्याकडे बुकीला पकडायला महाराष्ट्रात अजून १८८७ चा जुगार कायदा लागतो.

इंग्लंडचं उत्तर आता सोपं आहे. तिथे सट्टा कायदेशीर, म्हणून सट्ट्यात लबाडी करणं हा गुन्हा. २००५ च्या जुगार कायद्याचं कलम ४२. ऑगस्ट २०१० च्या लॉर्ड्स कसोटीत मोहम्मद आमीरने दोन आणि मोहम्मद आसिफने एक नोबॉल ठरवून टाकला. पैसे देणारा माणूस प्रत्यक्षात एका वर्तमानपत्राचा वेषांतर केलेला बातमीदार होता, त्यामुळे त्या चेंडूंवर सट्टा लावून कोणाची लूटही झाली नव्हती. तरी नोव्हेंबर २०११ मध्ये लंडनच्या सदर्क न्यायालयाने कर्णधार सलमान बटला ३० महिने, आसिफला एक वर्ष आणि आमीरला सहा महिने दिले. तिथल्या कलमात कोणी जिंकलं-हरलं हे बघतच नाहीत. वानखेडेच्या तिकिटाचं माझं कोडं तिथे पडलंच नसतं.

मग बोर्ड. बोर्ड कोर्टापेक्षा मोठं नाही. त्याचा पुराव्याचा काटा वेगळा आहे. फौजदारी न्यायालयात वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं. बोर्डाच्या भ्रष्टाचारविरोधी संहितेत, समितीचं पुरेसं समाधान व्हावं, एवढंच लागतं; म्हणजे 'बहुधा झालं असावं' याच्या वर, पण 'शंकाच नाही' याच्या खाली. शिवाय बोर्डाला टोळी लागत नाही, हवाली केलेली मालमत्ता लागत नाही. पैसे घेऊन खेळात फेरफार करायचं कबूल केलंस का, कुणी विचारलं तेव्हा कळवलंस का, एवढंच बघतात. सरकारी नोकरांची खात्यांतर्गत चौकशी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नवीन नाही. लाचेच्या खटल्यातून सुटलेला कारकून खात्याने बडतर्फ केलेला राहू शकतो.

श्रीशांत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ मार्च २०१९ चा तो निकाल बातम्यांमध्ये 'श्रीशांतला दिलासा' म्हणून आला, पण न्यायालयाने बोर्डाचा दोषाचा निष्कर्ष पुसलेला नाही. जन्मभराची बंदी तेवढी जास्त आहे, शिक्षेचा पुन्हा विचार करा, एवढंच म्हटलं. मग ऑगस्ट २०१९ मध्ये बोर्डाचे लोकपाल न्यायमूर्ती डी. के. जैन यांनी ती सात वर्षांवर आणली, १३ सप्टेंबर २०१३ पासून मोजून. चव्हाणचीही पुढे सात वर्षांवर आली. आता अंकितला निर्दोष म्हणायचं का? माझं उत्तर वकिली वाटेल, पण तेच खरं आहे: फौजदारी कोर्टात त्याच्यावर आरोपही ठेवला गेला नाही, बोर्डापुढे तो दोषी ठरला, आणि ती शिक्षा त्याने भोगून संपवली.

एक गोष्ट मात्र सलते, ती सांगतो. त्याच प्रकरणात संघांच्या मालकांकडचे लोक सट्ट्यात सापडले. त्यांच्या चौकशीसाठी बोर्डाने दोन निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली, तिने क्लीन चिट दिली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने ३० जुलै २०१३ ला ती समितीच बेकायदा ठरवली. पुढे सर्वोच्च न्यायालय आणि लोढा समिती मध्ये पडली तेव्हा जुलै २०१५ मध्ये चेन्नई आणि राजस्थान या संघांना दोन वर्षं बाहेर बसवलं. २०१८ मध्ये दोन्ही संघ वाजतगाजत परतले. चेन्नई त्या वर्षी जिंकलीसुद्धा. सत्ताविशीतल्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाची सात वर्षं गेली म्हणजे अख्खी कारकीर्द गेली. षटकाला षटकाएवढी शिक्षा हवी, असं मी म्हणणार नाही, पण तराजूत दोन्ही पारडी ठेवून बघा.

उलटंही होतं, कोर्टापेक्षा खेळाची यंत्रणा कडक. आपल्या नरसिंग यादवचं घ्या, तीन वेळचा महाराष्ट्र केसरी. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकआधी त्याच्या नमुन्यात बंदी असलेलं स्टेरॉइड सापडलं. सोनीपतच्या शिबिरात कुणीतरी खाण्यापिण्यात कालवलं, असं तो म्हणाला. १ ऑगस्टला भारतातल्या समितीने ते मानलं आणि त्याला सोडलं. जागतिक डोपिंगविरोधी संस्थेने अपील केलं, आणि लढतीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. डोपिंगमध्ये शरीरात सापडलं की काम संपलं. कसं आलं ते खेळाडूने दाखवायचं, आणि 'घातपात झाला असेल' एवढ्यावर भागत नाही. सिद्ध करायचा भार उलटा. कुठल्याही फौजदारी कोर्टात याला पहिल्या तारखेला जामीन झाला असता, असं मी माझ्या कनिष्ठांना सांगतो.

आणि नवज्योत सिद्धू. २७ डिसेंबर १९८८ ला पतियाळ्यात रस्त्यावर गाडीवरून भांडण झालं, त्यात ६५ वर्षांच्या एका माणसाला मारहाण झाली आणि तो गेला. सिद्धूवर खटला चालू होता आणि तो भारताकडून सलामीला येत होता. १९९९ मध्ये खालच्या कोर्टात निर्दोष, २००६ मध्ये उच्च न्यायालयाकडून तीन वर्षं, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून फक्त हजार रुपये दंड, आणि मे २०२२ मध्ये फेरविचारात एक वर्ष सक्तमजुरी. घटनेनंतर तेहतीस वर्षांनी तो तुरुंगात गेला, तेव्हा त्याची कसोटी कारकीर्द, समालोचन, राजकारण सगळं होऊन गेलं होतं. बोर्डाची संहिता खेळाच्या सचोटीसाठी लिहिली आहे. एका माणसाचा जीव गेला, हे तिच्या कुठल्याच कलमात बसत नाही. षटकात टॉवेल खोचल्याचा संशय मात्र बसतो.

आता ज्यासाठी हे एवढं लांब लिहायला बसलो ते. प्रश्न विचारणाऱ्याने शेवटी लिहिलं आहे की त्यांचा पुतण्या यंदा एका खासगी टी-ट्वेंटी स्पर्धेत खेळणार आहे. म्हणून माझ्याकडची एक गोष्ट, नावगाव काढून.

एकोणीस वर्षांचा वेगवान गोलंदाज, एका जिल्ह्याचा. स्पर्धेच्या हॉटेलात एक माणूस भेटला, 'तुझी ॲक्शन बघितली, भारी आहे' म्हणाला. दुसऱ्या दिवशी नऊ नंबरचे स्पाइक्स आणून दिले. मग निरोप सुरू झाले: 'उद्या पहिली ओव्हर तूच का?' पोराने अंगठ्याचं चित्र पाठवलं. पुढच्या सामन्याआधी, 'तुमचा तो ओपनर दुखावलाय म्हणे?' पुन्हा अंगठा. तिसऱ्या निरोपात पैशाची गोष्ट आली, तेव्हा मात्र तो घाबरला आणि नंबर ब्लॉक करून गप्प बसला. कुणालाच सांगितलं नाही.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी त्याचे वडील आले, निवृत्त तलाठी. फाइल अशी लावलेली की मी माझ्या कारकुनाला दाखवली. वर पोराची प्रमाणपत्रं लॅमिनेट करून, खाली बँकेचं पासबुक. 'साहेब, एक रुपया आलेला नाही, बघून घ्या.' मी पासबुक मिटलं. पैसे घेतल्याचा आरोपच नव्हता. आरोप दोन होते: आतली माहिती दिली, आणि कळवलं नाही. पोरगं म्हणालं, 'मी तर नाहीच म्हणालो ना त्याला. मग सांगायचं काय?' बांगलादेशचा शाकिब अल हसन तेव्हा एकदिवसीय क्रिकेटमधला जगातला पहिल्या क्रमांकाचा अष्टपैलू होता, त्यालाही ऑक्टोबर २०१९ मध्ये नेमकं याचसाठी दोन वर्षं मिळाली, त्यातलं एक वर्ष स्थगित. त्यानेही पैसे घेतले नव्हते.

त्या रात्री मला जे ठरवायचं होतं ते कुठल्या पुस्तकात नीट मिळत नाही. फौजदारी कोर्टात मी अशिलाला एकच सांगतो: तोंड उघडू नकोस. घटनेने तो हक्क दिला आहे. शिस्तभंगाच्या सुनावणीत गप्प बसलं की ते अंगाशी येतं. तपासणाऱ्याने मोबाईल मागितला आणि दिला नाही, किंवा आधीच निरोप पुसून टाकले, तर तो स्वतंत्र अपराध. आणि तिथे बोललेलं उद्या पोलिसांच्या हाती गेलं तर? पोरावर गुन्हा दाखल नव्हता, पण होणारच नाही याची खात्री मी देऊ शकत नव्हतो. शेवटी त्याला बोलू दिलं. सगळं सांग, पण जेवढं विचारलं तेवढंच, आणि जबाब प्रत्येक पान वाचल्याशिवाय सही करू नकोस.

हॉटेलच्या छोट्या हॉलमध्ये टेबलावर बिस्किटं ठेवलेली होती, त्यांना कोणी हात लावला नाही. समितीतल्या निवृत्त न्यायाधीशांनी त्याला एकच विचारलं, 'बूट कुठायत?' पोराने पायांकडे बघितलं. तेच घालून आला होता. दुसरे नव्हते.

दोन वर्षं लागली. पैसे न घेतलेल्या, नंतर स्वतःहून सगळं सांगितलेल्या पोराला ती जास्तच आहेत, असं मी अपिलात मांडलं. सहा महिने कमी झाले. बंदीत नुसतं खेळणं बंद होत नाही. क्लबच्या नेट्समध्ये गोलंदाजी नाही, मान्यताप्राप्त सामन्यात पंच म्हणून उभं राहणं नाही, गुणलेखन नाही. वडिलांना हे पटायला वेळ लागला. ते म्हणत, निदान स्कोअर तरी लिहू द्या.

तेव्हा पुतण्याला एवढंच सांगा. स्पर्धेच्या आधी बैठक होते, तिथे संपर्क अधिकाऱ्याचा नंबर देतात. तो कागद बॅगेत राहतो, म्हणून नंबर मोबाईलमध्ये उतरवून घ्यायचा. अनोळखी माणसाने बूट, बॅट, मोबाईल, जेवण, काहीही पुढे केलं की त्याच दिवशी त्या नंबरवर लेखी निरोप टाकायचा आणि त्याचा फोटो काढून वडिलांना पाठवायचा. व्यवस्थापकाला तोंडी सांगितलं, हे नंतर कुणाला आठवत नाही. आणि 'उद्या पहिली ओव्हर कोण टाकणार' असं मामाच्या मित्राने विचारलं तरी अंगठा पाठवायचा नाही.